पीएसयू टेस्टर घ्यावा का? आठ महिने वापरून जे कळलं ते

पीएसयू म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, घरातली वीज कॉम्प्युटरला लागणाऱ्या छोट्या व्होल्टेजमधे बदलणारा डबा, आणि टेस्टर म्हणजे तो डबा बरोबर व्होल्टेज देतोय का ते दाखवणारं छोटं यंत्र. आधीच सांगतो, मी हार्डवेअरवाला नाही. चादरी आणि टॉवेलची जकार्ड डिझाईन (विणतानाच उमटणारी नक्षी) काढतो, घर सोलापुरात पूर्व भागात, खाली भावाचे चार लूम आणि वरच्या पत्र्याच्या खोलीत माझा कॉम्प्युटर, आमची चूल या दोन्हीवर पेटते. त्यामुळं कॉम्प्युटर बंद पडला की नुसती गैरसोय होत नाही, खाली डिझाईनची वाट बघत लूम थांबतो आणि पार्टीचा फोन सुरू होतो. म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितोय, कुणाच्या तरी कामाला येईल.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मे महिन्यात सोलापूर कसं असतं ते इथल्यांना सांगायला नको, ४२-४३ डिग्री आणि वर पत्रा. कॉम्प्युटर सकाळी एकदम व्यवस्थित चालायचा, पण दुपारी दोन-अडीच वाजले आणि मोठी फाईल उघडून रंग भरायला घेतले की फट्कन स्क्रीन काळी आणि आपोआप रिस्टार्ट. एरर नाही, निळी स्क्रीन नाही, काही नाही. एका चादरीच्या बॉर्डरला मोराचं डिझाईन होतं, दोन दिवस एकेक चौकोन भरत बसलो होतो, त्यातला अर्धा दिवस असाच गेला. त्या दिवशी मला खरंच रडू आलं होतं.

कॅबिनेट उचलून दुकानात नेला. दुकानाचं नाव घेत नाही, कारण ती तक्रार करायची जागा ही नव्हे. त्यानं झाकण उघडलं, फुंकर मारली, चालू करून बघितला, चालू झाला (सकाळचे अकरा वाजले होते, होणारच) आणि म्हणाला मदरबोर्ड जातोय, साडेचार हजार होतील. कशावरून म्हणता, विचारलं तर अनुभवावरून म्हणाला. मीटर लावला नाही, दुसरा सप्लाय लावून बघितला नाही. साडेचार हजार म्हणजे माझ्यासाठी तीन डिझाईनचे पैसे, मी कॅबिनेट परत घरी आणला.

घरी पहिल्यांदा सगळे करतात तेच केलं, पिनची टेस्ट. सप्लायची सगळी कनेक्शन मदरबोर्डवरनं काढायची, २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची कुठलीही काळी वायर यू पिननं जोडायची, मागचं बटण चालू करायचं, फॅन फिरला म्हणजे सप्लाय चालू झाला. माझा फिरला. पण फॅन फिरला एवढंच कळलं, आत व्होल्टेज १२ आहे का ९ आहे हे यू पिन कशी सांगणार. मग टेस्टर घ्यायचं ठरवलं, नव्या पेठेत दोन-तीन ठिकाणी विचारलं, कुणाकडं नव्हता, शेवटी ऑनलाईन मागवला, ६५० रुपये, पाच दिवसांत आला.

तर वस्तू अशी आहे. हाताच्या पंजाएवढी ॲल्युमिनियमची चपटी डबी, मधे छोटा डिस्प्ले, चारी बाजूंनी सॉकेट. २४ पिनचा मोठा, सीपीयूचा, ग्राफिक कार्डचा, हार्ड डिस्कचा साटा, जुना चार पिनचा मोलेक्स आणि फ्लॉपीचासुद्धा. त्याला वेगळा सेल वगैरे लागत नाही, सप्लायवरच चालतो. २४ पिनचा कनेक्टर खोचला आणि सप्लायचं बटण चालू केलं की हिरवी वायर तो स्वतःच काळ्या वायरला जोडतो, सप्लाय सुरू होतो, एक बीप वाजतो आणि निळ्या उजेडात सगळे आकडे एकदम दिसतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा फार बरं वाटलं, इतके दिवस अंदाजावर चाललं होतं, आता समोर आकडा होता.

आकडे कसे वाचायचे ते इथंच सांगतो, कारण सोबत जी चिठ्ठी येते ती मुंगीएवढ्या इंग्रजीत असते. पिवळी वायर १२ व्होल्टची, ती ११.४ ते १२.६ च्या आत पाहिजे. लाल ५ व्होल्टची, ४.७५ ते ५.२५. नारिंगी ३.३ ची, साधारण ३.१४ ते ३.४७. म्हणजे या तिन्हीला पाच टक्के वरखाली चालतं. निळी वायर उणे १२ ची, तिला दहा टक्के सूट. जांभळी म्हणजे स्टँडबायचे ५ व्होल्ट, कॉम्प्युटर बंद असला तरी मेन चालू असेपर्यंत ते येतच राहतात, म्हणून तर समोरचं बटण दाबल्यावर मदरबोर्डला कळतं. आणि राखाडी वायर म्हणजे पॉवर गुड, टेस्टरवर पीजी लिहिलेलं असतं आणि आकडा मिलिसेकंदात येतो. सप्लाय चालू झाल्यावर सगळी व्होल्टेज जागेवर बसली की सप्लाय या वायरवरनं मदरबोर्डला सांगतो की आता चालू कर. हा निरोप १०० ते ५०० मिलिसेकंदांत जायला पाहिजे. हा एक आकडा साध्या मल्टीमीटरवर मिळत नाही, मला विचाराल तर या टेस्टरमधली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच.

माझ्या सप्लायचे आकडे आले १२.१, ५.१, ३.३, उणे ११.८, स्टँडबाय ५.०, पीजी ३२०. सगळं पास. मी खूश, म्हणजे सप्लाय चांगला, म्हणजे दुकानवाला बरोबर बोलत होता, मदरबोर्डच गेला. सप्लाय परत बसवला आणि त्याच दुपारी पावणेतीनला परत रिस्टार्ट.

इथं टेस्टरवर एक स्टार देऊन मोकळा झालो असतो, पण आमच्या बोळात एक अण्णा आहेत, लूमच्या मोटारी आणि जकार्डची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतात, त्यांच्याकडं सगळं घेऊन गेलो. त्यांनी टेस्टर हातात घेऊन उलटा-पालटा करून बघितला आणि म्हणाले, "चांगलाय की. पण लोड कुठं दिलास बे त्याला?"

मी म्हणालो, अण्णा, लोड म्हणजे?

"अरे, रिकामा टेम्पो कुठलाबी चढ चढतोय. माल भरून बघ की मग."

मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. भंगारातल्या गाडीचे हेडलाईटचे दोन बल्ब काढले, १२ व्होल्ट ५५ वॉटचे, त्यांना जाड वायर सोल्डर केली आणि जुन्या मोलेक्सच्या तुकड्याला जोडली, पिवळी आणि काळी. एक बल्ब म्हणजे साधारण साडेचार अँपिअर. ५ व्होल्टसाठी दोन ओहमचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर लाल-काळीवर, अडीच अँपिअर. मी म्हणालो ५ वर कशाला, आपला प्रॉब्लेम तर १२ वर वाटतोय, तर म्हणाले स्वस्त सप्लायमधे दोन्ही व्होल्टेज एकत्रच सांभाळलेली असतात, नुसत्या १२ वर ओझं टाकलं तर १२ खाली बसतो आणि ५ वर चढतो, मग चांगल्या सप्लायलासुद्धा आपण खराब म्हणू. दोन्हीकडं थोडं थोडं द्यायचं. टेस्टर २४ पिनला तसाच ठेवला, बल्ब बाजूच्या मोलेक्सवर, एकेका वायरीवर एकेक बल्ब. म्हणजे टेस्टर आता नुसता मीटर झाला आणि ओझं बल्बनं घेतलं.

एक बल्ब लावला, ११.८. दुसरा लावला, ११.५. अजून पास. अण्णांनी स्टूल ओढलं, चहा सांगितला आणि म्हणाले आता तापू दे. वर पत्रा, बाहेर मे, दोन हेडलाईट पेटलेले, आम्ही घामानं भिजलो पण कुणी हाललं नाही. दहा मिनिटांनी ११.४ झाला. मग ११.३, आणि टेस्टर केकाटायला लागला, १२ च्या जागी एलएल चमकायला लागलं. एलएल म्हणजे खाली गेलं, वर गेलं तर एचएच येतं. वीस मिनिटांनी परत मोजला तेव्हा ११.१. बल्ब काढले की परत १२ च्या वर, जसं काही झालंच नाही. सकाळी टेबलावर थंड आणि रिकाम्या अवस्थेत याच सप्लायला मी पास केलं होतं.

म्हणजे दुपारी नेमकं काय व्हायचं तेही कळलं. रंग भरायला घेतले की प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड १२ व्होल्ट जोरात ओढायचे, तापलेला सप्लाय खाली बसायचा, पॉवर गुडचा निरोप बंद करायचा आणि मदरबोर्ड नियमाप्रमाणं रिसेट व्हायचा. मदरबोर्ड आपलं काम बरोबर करत होता आणि शिक्षा त्याला होणार होती.

सप्लाय अण्णांनी उघडला, पण तुम्ही उघडू नका, हे मनापासून सांगतो. २३० व्होल्ट आत डीसी होऊन सव्वातीनशेच्या आसपास जातात आणि मोठ्या कपॅसिटरमधे (वीज साठवून ठेवणारा भाग) वायर काढल्यावरसुद्धा थांबून राहतात. अण्णांनी आधी तो डिस्चार्ज केला, मीटर लावून शून्य बघितला, मगच हात घातला. आत फॅनच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) फटीत सुताचा करड्या रंगाचा थर होता, बोटानं ओढला तर वाकळीच्या अस्तरासारखा अख्खा निघाला. खाली चार लूम चालतात, ते तंतू हवेत उडतात आणि सप्लायचा फॅन दिवसभर ते ओढत बसतो. हवा जायला जागाच नव्हती. आणि १२ व्होल्टच्या बाजूचे दोन कपॅसिटर वरून फुगलेले, एकाच्या टोकाला तपकिरी डाग. उष्णता दर दहा डिग्रीनं वाढली की या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे, मग पत्र्याखाली, सुतानं गळा आवळलेल्या डब्यात ते किती टिकणार. पूर्व भागात ज्यांच्या घरात लूम आहे त्यांनी दर महिन्याला कॅबिनेट बाहेर नेऊन ब्लोअर मारा, मी आता मारतो.

अजून एक, सप्लायच्या स्टिकरवर ४५० असं मोठ्या अक्षरात होतं. अण्णांनी खालच्या बारीक तक्त्यावर बोट ठेवलं, १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, १६८ वॉट. आजच्या कॉम्प्युटरमधे बहुतेक ओझं १२ वरच असतं, म्हणजे माझ्या उपयोगाचे होते ते १६८, बाकीचे नावाला, आणि तेवढेही तो तापल्यावर देत नव्हता, दोन बल्बच्या साधारण नऊ अँपिअरलाच बसला. नवीन घेताना मी मोठा आकडा बघितलाच नाही, आधी १२ व्होल्टचे अँपिअर वाचले. ३५०० ला ५५० वॉटचा ब्राँझवाला (वीज कमी वाया घालवतो असा शिक्का असलेला) घेतला, त्यावर १२ समोर ४३ अँपिअर लिहिलंय. त्याच दोन बल्बवर अर्धा तास ठेवला, १२.१ चा १२.० झाला, बस्स. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही रिस्टार्ट नाही.

आता टेस्टरचे दोष, ते सांगितलेच पाहिजेत. पहिला म्हणजे लोडचा, तो वर सांगितला, टेस्टर स्वतः नावापुरतं ओझं घेतो. दुसरा, दशांशानंतर एकच आकडा दाखवतो. १२ व्होल्टला ते चालतं, पण ३.३ ला अडचण होते, कारण खालची हद्द ३.१४ आहे आणि डिस्प्लेवर ३.१ आलं तर ते ३.१४ आहे का ३.०६ हे कळायला मार्ग नाही. तिथं मी मल्टीमीटर डीसी २० वर ठेवून नारिंगी वायरच्या मागून टोक घालून बघतो. तिसरा, रिपल. डीसीवर जी बारीक लहर राहते ती १२ वर १२० मिलिव्होल्टच्या आत आणि ५ व ३.३ वर ५० च्या आत पाहिजे, कपॅसिटर म्हातारे झाले की ती वाढते, पण ती बघायला ऑसिलोस्कोपच लागतो, या डबीकडनं ती अपेक्षा ठेवू नका. आणि सीपीयूचा कनेक्टर लावला नाही तर डिस्प्लेवर सीपीयूसाठी जो दुसरा १२ चा आकडा असतो त्याच्या जागी एलएल येऊन बीप वाजत राहतो, पहिल्यांदा मी घाबरलो होतो, तो लावला की थांबतं. सीपीयूचा ८ पिन आणि ग्राफिक कार्डचा ८ पिन दिसायला भाऊ-भाऊ पण प्लस-मायनस उलटं असतं, जोर लावून चुकीच्या जागी कोंबू नका, आणि हे दोन्ही एकाच वेळी टेस्टरला लावू नका, एक काढून मग दुसरा.

टेस्टरला जे दिसतच नाही ते म्हणजे अर्थिंग. आमच्या जुन्या घरात वरच्या खोलीत अर्थिंग नव्हती, तीन पिनचा प्लग टू पिनच्या ॲडाप्टरमधे घातलेला. शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या, आई तर त्या बाजूला झाडायलाच जायची नाही. मला वाटायचं सप्लाय करंट मारतोय, तर टेस्टरवर सगळं नीट. अण्णांनी सांगितलं की सप्लायच्या तोंडाशी फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडनं आणि एक न्यूट्रलकडनं बॉडीला जोडलेला, अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते, नसेल तर बॉडीवर मेनच्या निम्मं, शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतं. करंट अगदी बारीक, पण मुंग्या त्याच्याच. वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतली, मुंग्या गेल्या. हा खर्च सगळ्यात आधी करायला पाहिजे होता.

आणि टेस्टरनं खरी किंमत वसूल करून दिली ती गड्ड्याच्या वेळी. सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या आदल्या आठवड्यात माझ्या मित्राच्या फ्लेक्सच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, सगळ्या मंडळांचे बोर्ड एकदम. रात्री साडेदहाला त्याचा फोन, कॉम्प्युटरचे फॅन फिरतात, लाईट लागते, पण स्क्रीनवर काहीच नाही, रॅम काढून पुसून झाली, ग्राफिक कार्ड काढून झालं, दोघं कामगार बसून आहेत. मी डबी घेऊन गेलो. १२ बरोबर, ५ बरोबर, ३.३ बरोबर आणि पीजीवर शून्य, चमकतंय. व्होल्टेज सगळी हजर पण "चालू कर" हा निरोपच जात नव्हता, म्हणून मदरबोर्ड बिचारा वाट बघत होता. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत कळायला. मी घरातनं माझा सप्लाय काढून त्याला लावला, पहाटे चारपर्यंत मशीन चालली, दुसऱ्या दिवशी त्यानं नवीन आणला आणि माझा परत दिला. त्या रात्री तो मदरबोर्ड, रॅम, कार्ड असं एकेक बदलत बसला असता तर यात्रेतल्या अक्षता सोहळ्यापर्यंत बोर्ड लागले नसते.

तसंच शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा एकदम मेलेला सप्लाय, जांभळ्या वायरवरसुद्धा शून्य, तिथं विषयच संपला. आणि एका पोराच्या जुन्या सप्लायमधे उणे १२ वर एलएल आला पण कॉम्प्युटर मस्त चालतोय. उणे १२ आता फारसं कशाला लागत नाही, जुन्या सिरियल पोर्टसारख्या गोष्टींना लागायचं, म्हणून त्याला मी बदल म्हणालो नाही, फक्त डोळा ठेव म्हणालो.

तर घ्यावा का? एकच कॉम्प्युटर असेल आणि कधीतरी बिघडणार असेल तर २५०-३०० चा मल्टीमीटर घ्या, तो घरातल्या इतर कामालाही येतो, चालू कॉम्प्युटरवर मोलेक्सच्या पिवळ्या-काळीत टोकं लावून जड काम सुरू असताना १२ किती बसतो ते बघता येतं, आणि माझ्यासारख्या दुपारच्या दुखण्याला तेच जास्त कामाचं. पण ज्यांच्याकडं दोन-चार मशीन आहेत, कॅफे, क्लासेस, फ्लेक्स, डिझाईनवाले, त्यांनी ६५० घालावेत, पाच पैकी मी साडेतीन देतो, पीजीचा आकडा नसता तर अडीच दिले असते.

बल्ब जुन्या बाजारात मिळतील, रेझिस्टर वीस-पंचवीसला. बल्ब लावताना एकाच वेळी दोन्ही जोडू नका, थंड बल्ब पहिल्या क्षणाला कितीतरी पट करंट ओढतो आणि चांगला सप्लायसुद्धा बंद पडतो, एक पेटला की मग दुसरा. आणि ते फरशीवर ठेवा, सुतापासून लांब, माझ्या एका टॉवेलच्या सॅम्पलला त्यांनी बोटाएवढं भोक पाडलंय.